तळीचा पाचवा हात

आई,

तुझं सुतक मला तीन दिवसांचं होतं आणि दादाला दहा दिवसांचं. लग्न झालेल्या लेकीला तीनच, असं नानाकाकांनी आल्या आल्या सांगून टाकलं. तुझे हे धाकटे दीर तुझ्या आजारपणात एकदाही बोईसरला फिरकले नाहीत, पण कुणाला किती दिवस सुतक ते त्यांना तोंडपाठ. म्हणजे बघ, तुला आंघोळ घालणारी मी, तुझी कवळी धुणारी मी, तुझ्या गुडघ्यांना तेल चोळणारी मी, आणि चौथ्या दिवशी मी मोकळी! दादा पुण्याहून आला, गाडीतून उतरला, दारात रडला. त्याला दहा दिवस. माझं दुःख काय अर्ध्या तिकिटाचं होतं?

राग आला. अजून आहे. तुझ्याबद्दल चार गोड शब्द लिहावेत म्हणून बसले होते, पण ते आले तर मधेच कुठंतरी येतील, आत्ता तरी येत नाहीत. "संध्ये, तुझ्या जिभेला हाड नाही," म्हणायचीस ना? नाही तर नाही.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, पुण्यवान बाई, देवाचं एवढं केलं म्हणून हाल न होता गेली. मला उठून विचारावंसं वाटलं, तुम्ही होतात का इथं? पाय जमिनीला टेकवताना तिच्या तोंडून जे 'मल्हारीऽ' निघायचं ते ऐकलंय का तुम्ही? तुझे हाल झाले, आई. भरपूर झाले. तू ते कुणाला दाखवले नाहीस, एवढंच. दादाचा फोन आला की आवाजात कुठून ताकद आणायचीस कोण जाणे. "मी बरी हाय रे. जरा आलीय संध्याकडं." जरा! बाबा गेल्यावर तुझ्या खोल्यांना कुलूप लावून तू माझ्याकडं आलीस, अपूर्वा तेव्हा चौथीत होती. आता ती कॉलेजला जाते. तरी दादासाठी तू माझ्याकडं जरा आलेलीच होतीस.

आणि एकटी नाही आलीस. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन रिक्षातून उतरलीस. त्यात तुझे देव. चांदीच्या पत्र्यावर उमटवलेले टाक, खंडोबा, भवानी, जोतिबा, प्रत्येक बोटाच्या पेराएवढा. शिवाय तुझ्या आईनं लग्नात दिलेली अन्नपूर्णा. किशोरनं, तुझ्या जावयानं, लगेच आमच्या देवघरात जागा करायला घेतली, तर तू त्याला थांबवलंस. "दोन घरचे देव एका पाटावर नको बाबा. माझ्यांना वेगळा चौरंग बघ." किशोर उमरोळीचा, त्याला या साताऱ्याकडच्या भानगडी काय ठाऊक! तो म्हणाला, "मामी, आमचे देव काय भांडायचे नाय." पण तुला वेगळाच पाहिजे होता. कारण तू पाहुणी, तुझे देवही पाहुणे. एक ना एक दिवस दादा येईल आणि तुम्हा सगळ्यांना घेऊन जाईल. तो आला नाही. चौरंग मात्र राहिला, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी.

चौथ्या दिवसाची गोष्ट सांगते. त्या दिवसापासून देवांची पूजा मी करायची असं ठरलं. सुतक असलेल्यांनी देवाला शिवायचं नाही, मग करणार कोण? नानाकाका म्हणाले, "संध्या मोकळी झाली की. ती करील." वा! मी परकी म्हणून मला तीनच दिवस, आणि परकी म्हणूनच पूजा मला. मी केली. भंडारा वाहिला, रोज फुलं घालणाऱ्या हरीनं मासवणहून आणलेली जास्वंद वाहिली. वाईट सांगू का, त्या तीन दिवसांत मला तुझी जेवढी आठवण आली नव्हती तेवढी तो भंडारा चिमटीत धरल्यावर आली. तिथंच बसून रडले. दादा दारात उभा होता, त्याचेही डोळे भरले होते, पण सुतकात त्याला देवाजवळ यायचं नव्हतं. त्या घटकेला तो मला फार जवळचा वाटला. हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील, भावाचं एक चांगलं लिहिलं नाही.

तेराव्याचं जेवण झालं आणि त्याच संध्याकाळी दादा म्हणाला, "उद्या निघतो. देव घेऊन जातो."

मी म्हटलं, "कुठं ठेवणार?"

"आहे ना जागा. शोकेसमध्ये वरचा कप्पा रिकामा करतो."

शोकेसमध्ये! वहिनी सकाळी सातला कामावर निघते, दादा आठला. मुलगा परदेशी. तुझ्या खंडोबाला रोज आंघोळ, रविवारी भंडारा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत. कोण करणार? मी तसं विचारलं, तर नानाकाका मधे पडले. "कोण करंल ते त्यांचं ते बघतील. लेकीकडं देव ऱ्हात नसत्यात. तुझी आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

इथंच माझं डोकं फिरलं, आई. कारण ते खरं होतं. दादासमोर तू अगदी हेच सांगितलं असतंस.

दादासमोर तू वेगळी होतीस. घरात वेगळी होतीस. घरातली तू मला माहीत आहे. माझे चार दिवस असले की देवाच्या चौरंगाकडं बघूही द्यायची नाहीस, हे किती वर्षं चाललं? आणि मग तुझं पूजेला खाली बसणं बंद झालं. एका सकाळी तू म्हणालीस, देवांना पाणी घाल. मी म्हटलं, माझी अडचण आहे. तू म्हणालीस, "काय? हल्ली कमी ऐकू येतंय मला. घाल पाणी." शेजारच्या घरातला कुकर ऐकू यायचा तुला, शिट्ट्या मोजून वर ओरडायचीस, आणि हे ऐकू आलं नाही! मी पाणी घातलं. पुढच्या महिन्यातही तुला कमी ऐकू आलं. मी हसले होते तेव्हा. आता हसू येत नाही. एकदा नीट बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? "संध्या, मी तुला इतकी वर्षं लांब बसवलं, काही गरज नव्हती." एवढंच. पण नाही. करायचं सगळं, बोलायचं काही नाही.

आणि तळीचं तर मी तुला माफच करणार नाही.

बाबा कारखान्यात फिटर म्हणून इथं आले तेव्हाची तळीची गोष्ट तू अपूर्वाला सांगायचीस. चंपाषष्ठीला ताम्हणात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून पाच पुरुषांनी ते ताम्हण मिळून उचलायचं आणि येळकोट करायचा. गावाकडं पाच काय, पंचवीस मिळतात. बोईसरच्या चाळीत आपले कुठले? बाबांनी शेजारपाजारचे गोळा केले. तेव्हापासून आपली तळी अशीच. कुणी खानदेशचा, कुणी उमरोळीचा, कुणी गोरखपूरचा. समोरच्या दारातले यादवजी कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात, हाताची नखं कायम निळी, आणि त्या निळ्या नखांनी ताम्हण धरून 'येलकोट येलकोट जै मल्हार' असे ओरडायचे की खालच्या मजल्यावरची पोरं दचकायची. तुला केवढं कौतुक! रोज दिवा लावताना तू सगळ्यांची नावं घ्यायचीस देवापुढं. दादाला सुखी ठेव, अपूर्वाला गणितात पास कर, आणि यादवच्या गावची म्हैस गाभण राहू दे. मी विचारलं होतं, खंडोबाला कशाला म्हशीत घालतेस? तू म्हणालीस, "धनगरांचा देव हाय. त्याला जनावरातलं कळतं."

एका वर्षी गावाहून बाजरी वेळेवर आली नाही, तर किशोरच्या आईनं पाठवलेल्या पिठाची तांदळाची भाकरी तू नैवेद्याला ठेवलीस. मी म्हटलं, चालेल का? "आता हितं ऱ्हायला आलाय न्हवं तो? हितलं खाईल." अशी होतीस तू. हे मला तुझं फार आवडायचं. देव तुला भीतीचा नव्हता, घरातल्या थोरल्या माणसासारखा होता, त्याच्याशी वाद घालायचीस, रुसायचीस.

मग गेल्या चंपाषष्ठीला पाचवा माणूस मिळाला नाही. खानदेशचे पाटील पहिल्या पाळीला अडकले. दादा दोन-तीन वर्षांत आलाच नव्हता. किशोर, यादवजी, हरी, आणि हरीबरोबर आलेला त्याचा भाऊ, असे चौघं ताम्हणाभोवती बसले होते. तू पलंगावर उशीला टेकून. भरीत निवत चाललं होतं. आणि तू म्हणालीस, "अपूर्वा, ये हिकडं. धर."

अपूर्वा माझ्याकडं बघायला लागली. ती लहानपणापासून विचारायची, आजी मी का नाही, आणि तू म्हणायचीस, बायका नसत्यात धरत. मी म्हटलं, "आई, नक्की?" तू चिडलीस. "पाच हात पायजेत. हिला हात न्हाईत व्हय?" हरी हसला. "आजी, पोरीनं धरली म्हनून देव काय पलून जाणार नाय." अपूर्वानं धरली. तीनदा वर गेली तळी. माझ्या पोरीचा आवाज यादवजींच्या वर चढला आणि तू पलंगावर हात जोडून रडत होतीस. मी पाहिलं ना. तुझ्या गालावरून पाणी चाललं होतं, कवळी नसलेलं तोंड उघडं, आणि तू हसतही होतीस. तुझा तो चेहरा मला आयुष्यभर पुरेल.

आणि सगळे गेल्यावर काय म्हणालीस? "पुण्याला कळवू नका हां."

त्यावरून आपलं भांडण झालं, आठवतं? शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, देवासमोर केलंस ते दादासमोर सांगायला का घाबरतेस? तू म्हणालीस, त्याला वाईट वाटंल. मी म्हटलं, मला वाईट वाटतं त्याचं काय? तू भिंतीकडं तोंड केलंस. मग मी दर आठ-पंधरा दिवसांनी तोच विषय काढायचे. देव माझ्याकडं राहू देत, हे तूच दादाला सांग. तुझ्यानंतर मी सांगून कोण ऐकणार? दर वेळी तुझं उत्तर एकच. "बघू." बघू, बघू करत गेलीस निघून.

तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मऊ कापड आणलं, डबा आणला. नानाकाका म्हणाले, देव असेच उचलून न्यायचे नसतात, तळी भरून न्यायचे. ताम्हण मांडलं. माणसं बोलावली. दादा बसला, किशोर बसला, यादवजी आले, फुलं द्यायला आलेला हरी बसला. नानाकाकांचा खांदा वर होत नाही, ते नुसतं येळकोट म्हणणार होते. पाचवा? दादा म्हणाला, खालच्या वॉचमनला बोलवा.

तेव्हा यादवजी अगदी सहज म्हणाले, "वॉचमन को काहे? बिटिया है ना. पाँचवीं तो वही है."

तू आम्हाला सगळ्यांना गप्प केलं होतंस, आई. फक्त यादवजींना सांगायचं विसरलीस.

दादानं विचारलं, "कोण पाचवी?" यादवजींना काय, त्यांनी कौतुकानं सांगितलं. पिछले साल माताजी ने खुद बुलाया, बिटिया ने क्या आवाज लगाई, माताजी तो रो दीं. दादाचा चेहरा बघवेना. तो माझ्याकडं वळला. "आईनं? आपल्या आईनं पोरीला तळी धरायला लावली? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

नानाकाका म्हणाले, "काय तरी बोलू नका. वहिनी असलं करणाऱ्यातल्या न्हवत्या." माझ्या घरात बसून, तुझ्या घरातल्या गोष्टीबद्दल, मला!

मी म्हटलं, "तिनं केलं. आणि देव इथंच राहतील."

दादानं एकच विचारलं, आणि फार शांतपणे विचारलं. "आई तसं बोलली होती? देव तुझ्याकडं राहू देत, असं बोलली होती?"

हो म्हणायचं होतं, आई. नुसतं हो. कुणी तपासायला येणार नव्हतं. दादानं मान हलवली असती, डबा बाजूला ठेवला असता, आईची इच्छा म्हणून रडला असता, आम्ही दोघं मिळून जेवलो असतो. माझ्या तोंडात आलं होतं ते. पण तुझ्या देवांसमोर तुझ्या नावानं खोटं बोलायचं? तेही तूच शिकवलंस मला, की ते जमू नये. मी म्हटलं, "नाही. आई बोलली नाही. मी बोलतेय."

"मग तू कोण ठरवणार?"

"पूजा करणारी."

दादा उठला. "ठेव मग. मला परत यात ओढू नकोस." चहा तसाच राहिला. गाडी निघाल्याचा आवाज आला, मी खिडकीशी गेले नाही. नानाकाकाही त्याच्याबरोबर जाणार होते, त्यांना दारात चप्पल सापडेना, म्हणून ते मागं राहिले होते.

भरलेलं ताम्हण खाली होतं. किशोर म्हणाला, "भरलेली तळी तशी ठेवायची नाय ना? बसा." किशोर, यादवजी, हरी. अपूर्वा येऊन बसली. चारच झाले. किशोरनं माझ्याकडं बघितलं. मी बसले. एवढ्या वर्षांत मी पानं पुसून दिली, खोबरं फोडून दिलं, पण ताम्हणाची कड कधी बोटांना लागली नव्हती. जड असतं गं ते. येळकोट करताना माझा आवाज फुटला आणि दारात चप्पल शोधणाऱ्या नानाकाकांच्या तोंडून सवयीनं 'जय मल्हार' निघून गेलं. मग त्यांनाच राग आला आणि दुसऱ्याचीच चप्पल घालून गेले.

तुझे देव इथं आहेत. दादा फोन उचलत नाही. राखी मी कुरियरनं पाठवली, पोचल्याचा निरोप वहिनीनं दिला, त्यानं नाही. तुझ्या एका वाक्यानं मला देवही मिळाले असते आणि भाऊही राहिला असता, आई. ते वाक्य तुझ्याजवळ होतं. ते तू वापरलं नाहीस आणि त्याची किंमत मी मोजतेय. याचा राग मी कुठं ठेवू? तुझ्या फोटोसमोर दिवा लावते, नमस्कार करते, आणि मनात तुझ्याशी भांडते. लोकांना वाटतं, आईवर किती जीव आहे बाईचा. तो तर आहेच. जीव नसता तर एवढं भांडले असते का?

मग मी ठरवलं, माझ्या पोरीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. परवा रविवारी किशोरला बसवलं, यादवजींना बोलावलं, हरी फुलं घेऊन आला होता त्याला थांबवलं. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "माझ्यामागं हे देव अपूर्वाचे. ऐकलंत सगळ्यांनी?" मला वाटलं, झालं, जे तुला जमलं नाही ते मी केलं.

तर तुझी नात काय म्हणाली? "आई, मला विचारलंस का?"

रागच आला आधी. तळी हवी होती ना तुला, मग? ती म्हणाली, "तळी हवी होती. रोजची पूजा मी करीन की नाही, मला अजून माहीत नाही. नोकरी कुठं लागेल, माहीत नाही. मला विचार आणि मग सगळ्यांना सांग."

तुला कुणी विचारलं नव्हतं, लग्न झालं आणि डबा मांडीवर आला. मला कुणी विचारलं नाही. आपल्या दोघींच्या डोक्यातही आलं नाही की हे विचारायचं असतं. मी यादवजींना म्हटलं, थांबा, अजून ठरलं नाही. मग सगळ्यांच्या देखत तिच्याकडं वळून विचारलं, "अपूर्वा, घेशील का?"

ती म्हणाली, "विचार करून सांगते." मी बरं म्हटलं.